सई परांजपे यांच्या चित्रपटांतील उक्ती आणि मौन

श्रीमती सई परांजपे यांच्या चित्रपटांविषयी लिहिणारे बहुधा 'खेळकर', 'प्रसन्न' अशा विशेषणांपाशी थांबतात. ही विशेषणे खोटी नव्हेत. परंतु त्यांनी कलाकृतीचे वर्णन होते, विवरण होत नाही. ज्यांच्या कार्याचा आरंभ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, म्हणजे केवळ आवाजाच्या बळावर झाला आणि ज्या पुढे दिल्ली दूरदर्शनच्या मार्गाने चित्रपटाकडे वळल्या, त्यांच्या कृतींत शब्द काय काम करतो, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

'स्पर्श' (१९८०) मधील अंध मुख्याध्यापकाचा रोष साहाय्यावर नाही, दयेवर आहे. आणि दया शब्दांतूनच प्रकट होते, हे या चित्रपटाने अचूक ओळखले आहे. 'चश्मे बद्दूर' (१९८१) मध्ये याची विनोदी बाजू दिसते. नायिका दारोदार धुण्याची पूड विकते. तिचे विक्रीचे भाषण पाठ केलेले. पण सिद्धार्थासमोर ते चालू असता शब्द बाजारचेच राहतात आणि हेतू मात्र पालटतो. उक्ती आणि तिचे प्रयोजन यांतील भेद वर्गात समजावून देताना मला याहून चांगले उदाहरण अद्याप सापडलेले नाही.

'कथा' (१९८३) चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. श्री. शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर तो आधारलेला. जोशी, सबनीस ही माणसे मुंबईच्या चाळीतली, आणि बोलतात हिंदी. मराठीत 'अहो' आणि 'अरे' या दोन हाकांत जे सबंध नातेसंबंध साठवलेले असतात, ते हिंदीच्या 'आप'मध्ये पुरते उतरत नाहीत. ही हानी मान्य केली पाहिजे. (घाटकोपर-मुलुंडकडून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मात्र हे हिंदी मुळीच खटकत नाही. त्यांच्या घरी दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात!) तरीही चित्रपट तगतो, कारण त्यातील संघर्ष भाषेच्या निवडीचा नसून वाक्पटुत्वाचा आहे. बाशू बोलून जग जिंकतो; राजाराम मनातले एक वाक्य ओठांवर आणू शकत नाही. अखेरीस कासव जिंकते ते वेगाने नव्हे, तर ससा शर्यत सोडून गेल्यामुळे. ही उपरोधाची धार फार थोड्या समीक्षकांनी ओळखली. माझा आक्षेप वेगळाच आहे: संध्या या शर्यतीचे पारितोषिक ठरते. फसवणुकीनंतर ती राजारामापाशी कबुली देते, पण त्यापलीकडे तिच्या वाट्याला स्वतःची अशी भाषा येत नाही. 'स्पर्श'मधील कविता जिने निर्माण केली, त्या लेखणीकडून ही उणीव अपेक्षित नव्हती.

'अडोस पडोस' (१९८४) आणि 'छोटे बडे' (१९८५) या दूरदर्शनमालिकांत शेजार हाच विषय पुन्हा येतो. मालिकेला शर्यतीसारखा निकाल लागत नाही. भाग संपतो, शेजार उरतो. 'कथा'ला जी मोकळीक हवी होती, ती या माध्यमात होती.

'दिशा' (१९९०) मध्ये सारेच पालटते. गिरणीच्या ओढीने गाव सुटते, मुंबईत एका खोलीत अनेकांचे अंथरूण पडते आणि मागे एकजण विहीर खणीत राहतो. त्याचे बोलणे कोणी ऐकत नाही. श्रीमती परांजपे यांनी येथे प्रथमच संवादाऐवजी पहारीच्या घावावर विसंबण्याचे धैर्य दाखविले आहे.