पिंपळावरचा मुंजा आणि डोंबिवलीची प्रेते

शिरूर-दौंडकडे आम्ही मुले तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाणे टाळत असू; वर मुंजा! दहन झालेला माणूस देहानिशी कसा परतणार? म्हणून आपली भुते सहसा बिनदेहाची. आदित्य सरपोतदारांच्या 'झोंबिवली'त (२०२२) विलायती धर्तीची चालती प्रेते डोंबिवलीत अवतरली, तेव्हा मला हसूच आले. पण अनर्थाचे मूळ निघाले बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात, आणि शेजारची वस्ती पाण्याला मोताद! हसू ओसरले. विनोदाच्या अतिरेकाने भीती बोथट होते, हे खरे. तरीही याच दिग्दर्शकाच्या 'मुंज्या'पेक्षा (२०२४) मला ही परकी प्रेतेच अधिक भिववून गेली. उन्हाळ्यात टँकरपुढे हंडा घेऊन उभा राहिलेल्याला, वाचकहो, पिंपळाची कसली भीती?