टेबलावरचा बोरघाट

हनुकाच्या सुट्टीत लोद येथील आमच्या समाजाच्या सभागृहात तीन संध्याकाळी एक प्रदर्शन भरले. प्रदर्शनात वस्तू एकच होती: कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतचा बोरघाट, त्यावरून धावणाऱ्या छोट्या आगगाड्यांसह. आम्ही तिन्ही संध्याकाळी गेलो. पहिल्या दिवशी पाहायला, दुसऱ्या दिवशी मोजायला आणि तिसऱ्या दिवशी कर्त्याशी भांडायला. भांडण गोडीचेच झाले. पण त्यातले मुद्दे छापावेत असे आम्हांस वाटले, कारण या घाटाचे पुढे काय करायचे हा प्रश्न आता आपल्या सर्वांपुढे येऊन ठेपला आहे.

कर्त्याचे वय चौऱ्याऐंशी. आपले नाव छापू नये अशी त्यांची अट आहे, म्हणून आम्ही त्यांना नुसते ‘भाऊ’ म्हणू. वडील जी. आय. पी. रेल्वेत गार्ड. भाऊ स्वतः कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. इथे आल्यावर एका कारखान्यात पेन्शनीपर्यंत फिटरच राहिले. रेल्वेत नोकरी केलेले आपल्या समाजात घरोघर सापडतात. पण रेल्वे घरी आणून बंद गॅलरीत बसवणारे आम्ही तरी दुसरे पाहिले नाहीत. या कामाला त्यांना एकोणीस वर्षे लागली. डोंगर तारेच्या जाळीचा आहे. जाळीवर खळीत भिजवलेले कागद आणि त्यावर प्लास्टर. कागदांत याच पत्रिकेचे जुने अंकही आहेत, असे त्यांनी हसत सांगितले. आमचे काही लेख निदान खंडाळ्याच्या पोटात तरी टिकून राहतील!

आता कामाविषयी. प्रमाण सत्त्याऐंशीला एक, म्हणजे खऱ्या सत्त्याऐंशी मीटरचा इथे एक मीटर. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. ते या प्रमाणात जसेच्या तसे मांडायचे तर टेबल सव्वातीनशे मीटर लांब लागेल. घाटाची चढण अठराशे एकतीस फूट. तेवढा डोंगर करायचा तर तो साडेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे दोन मजल्यांइतका उंच होईल. भाऊंचे टेबल सव्वासात मीटरांचे आणि डोंगर छातीइतका. तेव्हा काय ठेवायचे आणि काय गाळायचे हीच या कामाची खरी परीक्षा होती, आणि तीत भाऊ बहुतेक ठिकाणी उत्तम गुणांनी उतरले आहेत.

बोगदे खरे पंचवीस. भाऊंनी सहा ठेवले. पळसदरी, जामब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल यांपैकी फक्त ठाकूरवाडी आणि मंकी हिल. पण चढण त्यांनी कमी केली नाही. खऱ्या घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, आणि इथेही सदतीस सेंटिमीटरला एकच सेंटिमीटर. त्यामुळे पाच डब्यांची गाडी एका इंजिनाला खरोखरच ओढवत नाही आणि कर्जतला मागे दुसरे इंजिन जोडावेच लागते. आपल्यापैकी ज्यांनी कर्जतला मागून बसलेला तो धक्का अनुभवला आहे आणि त्या वेळात फलाटावर उतरून बटाटेवडा घेतला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. तो धक्का या टेबलावर जसाच्या तसा बसतो. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी त्या क्षणी नकळत खुर्चीची पाठ घट्ट धरली.

एक गोष्ट मात्र आम्हांला मोजल्याशिवाय कळली नसती. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. या प्रमाणात रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंद हवेत. पण दुकानात तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात. आणि साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणले की १४३५ येतात. हा युरोपचा गेज, आणि या देशातल्या रेल्वेचाही हाच. म्हणजे भाऊंची पुण्याची गाडी गेली एकोणीस वर्षे इस्रायलच्या रुळांवरून धावते आहे! समोरून पाहिले की गाडी रुळांच्या मानाने थोडी अंगाने भरलेली दिसते. जाणकार याला दोष म्हणतील. आम्ही म्हणत नाही. हाताने रूळ घालायचे ठरवले असते तर भाऊ अजून पळसदरीलाच असते.

आता घाटाची मुख्य गोष्ट. आम्ही शाळेत भूगोलात ‘बोरघाट आणि थळघाट’ असे एका दमात पाठ केले. पण बोरघाट बांधला कसा हे कोणी शिकवले नाही. काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी वर गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट हातात घेऊन पुरे केले. हजारो मजूर पटकी आणि तापाने गेले; त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. खंडाळ्याजवळ कडा इतका उभा, की रूळ वळवायला जागाच नव्हती. म्हणून तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केले. गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे, आणि शेवटचा डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने वरचा रस्ता धरी. १९२९ साली विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडले.

भाऊंनी हे सारे चालते करून दाखवले आहे. इंजिन सुटते, बाजूच्या रुळावरून वळसा घेते, मागे लागते. दीड मिनिट लागते आणि त्या दीड मिनिटात सभागृहात कोणी बोलत नव्हते. वाचून जे आम्हांला कधी नीट उमगले नव्हते, ते पाचवीतल्या नातवंडांना एका फेरीत समजले. आम्ही चाळीस वर्षे फळ्यावर खडूने शिकवले. म्हणून हे कबूल करताना थोडे जड जाते.

आणखी दोन गोष्टींची तारीफ केल्यावाचून राहवत नाही. पहिली, कॅच सायडिंग. घाट उतरताना गाडी आवरेनाशी झाली तर तिला मुख्य रस्त्यावरून काढून चढावर नेऊन थांबवणारा हा फाटा. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून, आपण ताब्यात आहोत हे दाखवायचे, मगच सांधा फिरतो. भाऊंची प्रत्येक उतरती गाडी तिथे थांबते. दुसरी, अमृतांजन पूल. १८३० सालचा तो रस्त्याचा पूल २०२० साली पाडला. जाहिरातीच्या पाटीसकट तो आता या टेबलावर उभा आहे. खेकडा इंजिनाबद्दल तर काय सांगावे! दोन्हीकडे लांब नाक असलेले ते मालगाडीचे विजेचे इंजिन भाऊंनी ऑलिव्हच्या तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापले आहे. कल्याणला ज्याच्या पोटाखाली झोपून काम केले, त्याचे माप त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही.

आता दोष. पहिला मोठा. रिव्हर्सिंग स्टेशनवर भाऊंनी डेक्कन क्वीन उभी केली आहे. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी. स्टेशन त्याआधीच बंद. ती गाडी तिथे एकदाही थांबलेली नाही. आम्ही हे सांगितले, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, “मास्तर, माझ्या वडिलांनी नोकरीच्या सुरुवातीला तिथे झेंडी दाखवली, आणि पुढे डेक्कन क्वीनवरही. तुम्हांला साल पाहिजे, मला वडील पाहिजेत.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पण समोर मुले उभी होती, आणि ती जे पाहतील तेच खरे धरून घरी जातील. शेवटी असे ठरले की गाडी राहावी आणि शेजारी दोन ओळींची चिठ्ठी लावावी: ही गाडी इथे का नव्हती आणि तरी इथे का आहे. आमच्या मते त्या चिठ्ठीने काम अधिक चांगले होईल.

दुसरा दोष, माणसांचा. घाटात माणूस जवळजवळ नाही. फलाटावर चार हमाल आणि एक स्टेशन मास्तर. वडेवाला नाही, करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या ठाकरणी नाहीत, डब्याच्या दारात पाय सोडून बसलेला एकही मुलगा नाही. भाऊ म्हणतात, माणसांचे हात सत्त्याऐंशीच्या प्रमाणात जमत नाहीत. मान्य, पण ज्या डोंगराने इतके मजूर घेतले तिथे एक तरी पाटी-फावडे दिसायला हवे.

तिसरा दोष मांडणीचा. पाट्या फक्त इंग्रजीत होत्या. आमची पिढी मराठी वाचते, मुले हिब्रू; मग या पाट्या कोणासाठी? शिवाय टेबल इतके उंच, की खुर्चीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना बोगद्याचे छतच दिसत होते आणि लहानांना टेबलाचे पाय.

दुसऱ्या संध्याकाळी तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या जोडावर गाडी पाच वेळा रुळावरून उतरली. कारण समजून घेण्यासारखे आहे. सहाही फळ्या घरून टेंडरने आणल्या, पावसात. चढवताना कोणीतरी चौकटीऐवजी डोंगराला धरून फळी उचलली. जोडावरचे रूळ अर्ध्या मिलिमीटरने सरकले, आणि या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या रुळाचे चार-साडेचार सेंटिमीटर! प्रत्येक ने-आणीत असे काहीतरी मोडणारच. म्हणूनच पुढचा विचार टाळता येत नाही.

भाऊंची इमारत पाडून नवी होणार आहे. नव्या घरात बंद गॅलरी नाही. पुढे काय, यावर आजवर तीन सूचना आल्या आहेत. मुलगा म्हणतो, फोटो काढू, चित्रफीत करू आणि मोकळे होऊ. त्याला दोष देणारे आम्ही कोण? त्याने एकोणीस वर्षे गॅलरीत कपडे वाळत घातले नाहीत. मंडळाचे म्हणणे, सभागृहाच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवू. आणि भाऊंचे स्वतःचे म्हणणे, आणखी चार फळ्या जोडून पलीकडच्या टोकाला लोद जंक्शन करू. कर्जतहून निघालेली गाडी लोदला पोहोचली पाहिजे, असे त्यांच्या मनात आहे.

काचेच्या पेटीला आमचा विरोध आहे. धूळ बसणार नाही हे खरे. पण न चालणाऱ्या मोटरीचे तेल सुकते, चाके आणि रूळ काळे पडतात, आणि चार वर्षांनी पेटी उघडली तर काही हलणार नाही. रिव्हर्सिंग स्टेशन थांबलेले दाखवणे म्हणजे काही न दाखवणे. हैफाच्या रेल्वे संग्रहालयाला द्या, असेही कोणी सुचवले. ते संग्रहालय या देशाच्या रेल्वेचे. तिथे आपला घाट पाहुणाच राहील. ज्यांचे पुण्याला जाणे होते त्यांनी कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. भाऊसाहेब जोशींनी आपला छंद १९९८ साली कायमच्या जागेत बसवला आणि त्यांच्या मागे घरच्यांनी तो चालू ठेवला. ते टिकले, कारण जागा कायमची आहे आणि चालवणारे हात आहेत. आपल्याकडे सभागृहामागची खोली आहे. हात नाहीत.

लोद जंक्शनची कल्पना आम्हांला मनापासून आवडते. १८९२ साली याफो-यरुशलेम रेल्वे लोदवरून गेली; त्या स्थानकाला मोठा इतिहास आहे. पण भाऊ, आज नाही. त्याचे कारण आम्ही तिसऱ्या संध्याकाळी टेबलाखाली वाकून पाहिले. तिथे दोनशेहून अधिक तारा आहेत, बहुतेक एकाच रंगाच्या, आणि कोणती कुठे जाते हे फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. नकाशा नाही, वही नाही. उद्या भाऊंना सर्दी झाली तरी घाट बंद. अशा घरावर मजला चढवू नये.

तेव्हा आमचे म्हणणे असे. आधी प्रत्येक तारेला नंबर, आणि नंबरांची वही मराठीत आणि हिब्रूत. मग दोन-तीन तरुण, जे भाऊंच्या देखरेखीखाली स्वतः गाडी चालवतील, रूळ पुसतील, मोडेल ते जोडतील. आणि त्यानंतर लोद. पण ते भाऊंनी करू नये, त्या मुलांनी करावे. त्यांनी कर्जत पाहिलेले नाही, पण लोदच्या फलाटावर ती रोज उभी असतात. कुठे सावली असते, कुठे पाणी साचते, सैनिक मुले पिशव्या टाकून कुठे झोपतात, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

हे ऐकून भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लोद माझ्या हातून व्हावे असे वाटत होते.” आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, नंबराच्या चिठ्ठ्या कुठे मिळतात.

चिठ्ठ्या मिळाल्या आहेत. मंडळाने सहा महिन्यांसाठी मागची खोली दिली आहे. दर मंगळवारी संध्याकाळी भाऊ तिथे बसतात आणि आम्ही वही लिहायला जातो. आतापर्यंत एकतीस तारा झाल्या. ज्यांच्या नातवंडांच्या हातात पकड आणि सोल्डरची सळई टिकते त्यांनी त्यांना पाठवावे. स्वतः यावयाचे असल्यास चष्मा आणावा. तारा बारीक आहेत.