वॉर्ट कुठे गेला?

टी. एच. व्हाइटच्या 'द वन्स अँड फ्यूचर किंग' या कादंबरीबद्दल वाचकांची एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. पहिला भाग वाचताना आपण खुदुखुदु हसतो, एका मुलाच्या प्रेमात पडतो आणि मग लेखक तो मुलगाच आपल्याकडून काढून घेतो. मुलगा राजा होतो आणि त्याच्याच पुस्तकातून हळूहळू विरत जातो. दुसऱ्या भागात तो अधूनमधून दिसतो, तिसरा भाग लान्सलॉट बळकावतो, चौथ्यात थकलेला, पाठीत वाकलेला एक म्हातारा उरतो. माझ्या विद्यार्थ्यांनी ही तक्रार केली आहे आणि आमच्या वाचनगटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने तर रागावूनच केली : "एवढा लळा लावायचा होता, तर मध्येच सोडून का गेला हा माणूस?" या तक्रारीला रचनेतला दोष म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला मात्र ती या कादंबरीची सर्वांत अचूक दखल वाटते. वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटणे हाच या शोकांतिकेचा परिणाम आहे. ज्यांना तसे वाटले नाही, त्यांनी पुस्तकाचे काय केले हेही पाहण्यासारखे आहे.

पुस्तकाची जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण वाचकांची फाटाफूट तिथूनच सुरू होते. टेरेन्स हॅनबरी व्हाइटचा जन्म १९०६ सालचा, आपल्या मुंबईतला. वडील ब्रिटिश अमदानीतल्या पोलीस खात्यात अधिकारी होते. (म्हणून त्याला मुंबईकर ठरवण्यात अर्थ नाही. तो बालपणीच इंग्लंडला गेला आणि या कादंबरीत मुंबईचा वाराही नाही.) केंब्रिजला असताना त्याने सर टॉमस मॅलरीच्या 'ल मॉर्त दार्थर'वर प्रबंध लिहिला होता. कॅक्स्टनने १४८५ साली छापलेला हा ग्रंथ त्याने काही वर्षांनी पुन्हा उघडला, तेव्हा तो चकित झाला. आपल्या जुन्या गुरूला, एल. जे. पॉट्सला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले, की ही तर एक परिपूर्ण शोकांतिका आहे आणि यातली माणसे खरी माणसे आहेत. पण १९३८ साली जे पुस्तक बाहेर आले, त्या 'द स्वोर्ड इन द स्टोन'मध्ये शोकांतिकेचे नाव नव्हते. होती ती धमाल. पुढल्या वर्षी अमेरिकेतल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने ते निवडले आणि ते घराघरांत गेले. त्यामागून १९३९ आणि १९४० साली दुसरा आणि तिसरा भाग आला. चौथा भाग जोडून, सगळे पुन्हा तासून, एकत्रित कादंबरी निघाली ती १९५८ साली. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेले होते. म्हणजे काही वाचकांनी शेवट वाचण्याआधी वीस वर्षे त्या मुलासोबत काढली होती.

त्या मुलाचे नाव वॉर्ट. इंग्रजीत वॉर्ट म्हणजे चामखीळ. सर एक्टरच्या गढीत वाढणारा पोरका पोर, मानलेला भाऊ के याच्या मागे मागे फिरणारा. मर्लिन त्याला राज्यशास्त्र शिकवतो ते त्याला मासा, ससाणा, मुंगी, रानहंस करून. खंदकातला पाईक मासा त्याला सत्तेचे तत्त्वज्ञान ऐकवतो आणि पोरगा जेमतेम त्याच्या जबड्यातून निसटतो. मुंग्यांच्या वारुळात हुकूमशाही आहे. रानहंसांना देशांच्या सीमा ही कल्पनाच समजत नाही. मुलांना यात साहस दिसते, मोठ्यांना १९३० नंतरचा युरोप. मात्र मुंग्यांचे आणि हंसांचे प्रसंग १९३८च्या आवृत्तीत नव्हते. ते युद्धकाळात लिहिले गेले आणि १९५८ साली पहिल्या भागात घातले गेले.

दगडातून तलवार उपसण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा क्षण. वॉर्टने तलवार उपसली ती केवळ के आपली तलवार विसरला म्हणून. आता हे उघड होते आणि ज्याला त्याने आजवर बाप मानले, तो सर एक्टर आपले म्हातारे गुडघे टेकून त्याच्यापुढे वाकतो. के देखील वाकतो. मुलगा त्यांना उठवू पाहतो, आणि मग रडू लागतो. वाचक बहुधा इथे हसत असतो, कारण सगळे कसे छान जमून आले आहे. पण रडण्याचे कारण त्या मुलाला वाचकापेक्षा आधी कळले आहे. त्याला राज्य मिळाले ते घर देऊन. वॉर्ट हे नाव इथे संपते. वाचकाने 'वॉर्ट कुठे गेला' असे पुढे दोनतीनशे पानांनी विचारले, तरी तो गेला आहे इथेच.

आपल्याकडे तरुण राजाची शोकांतिका म्हटली, की रणजित देसाई यांची 'स्वामी' आठवते. ती १९६२ सालची, म्हणजे व्हाइटच्या कादंबरीची जवळजवळ समकालीन. पण तिथे वाचकाचा अनुभव उलटा आहे. माधवरावांचा शेवट थेऊरला होणार हे आपण पहिल्या पानापासून जाणतो आणि त्या जाणिवेने प्रत्येक प्रसंग आधीच ओलावलेला असतो. शिवाय माधवरावांवरचे आपले प्रेम कुठेही परीक्षेला बसत नाही. ते कठोर होतात तेव्हाही आपण त्यांच्याच बाजूला असतो. व्हाइट वाचकाला ही सोय देत नाही.

आर्थरच्या हातून दोन गोष्टी घडतात. राज्यावर आल्यानंतर लगेच, कोवळ्या वयात, तो ऑर्कनीची राणी मॉरगॉज हिच्या मोहात सापडतो. ती आपली सावत्र बहीण आहे हे त्याला ठाऊक नसते. त्यातून मॉर्ड्रेड जन्मतो. हे पातक अजाणतेपणाचे, म्हणून वाचक ते माफ करतो. दुसरी गोष्ट तशी नाही. हे मूल पुढे घात करील असे भाकीत ऐकून राजा त्या सुमारास जन्मलेली सगळी अर्भके जहाजात घालून समुद्रात सोडून देण्याचा हुकूम काढतो. जहाज बुडते, मुले मरतात. नेमका मॉर्ड्रेड वाचतो. मॅलरीत ही हकीगत सुरुवातीलाच येऊन जाते. व्हाइट ती चौथ्या भागापर्यंत लपवून ठेवतो. तिथे म्हातारा आर्थर लान्सलॉट आणि ग्विनिव्हर यांच्यापाशी ती बोलून टाकतो. तोवर आपण त्या माणसाला आयुष्यभर ओळखत असतो.

मराठी वाचकाला इथे जो धक्का बसतो तो इंग्रज वाचकाला कदाचित तेवढा बसत नसेल, कारण ही कथा आपल्या ओळखीची आहे. भाकीत, बहिणीचे मूल, अर्भकांची हत्या, वाचलेले एकच मूल आणि त्याच्या हातून ठरलेला मृत्यू : ही कंसाची कथा आहे. फक्त इथे कंसाला आपण लहानपणापासून कडेवर घेतले आहे. वाचलेला भाचा कृष्णासारखा तारणहार नाही, तर कडवट, एका खांद्याने वाकडा, आईच्या द्वेषावर पोसलेला मॉर्ड्रेड आहे. आमच्या वाचनगटात या पानावरून बराच वाद झाला. काहींचे म्हणणे, की लेखकाने आयत्या वेळी हे राजाच्या माथी मारले. हा तोच मुलगा असू शकत नाही, जो मुंगीचेही ऐकून घेत होता. मला हा आक्षेप पटत नाही, पण तो ज्या जागेवरून येतो ती जागा खरी आहे. त्या मुलाने जे शिक्षण घेतले ते बळाच्या वापराविरुद्धचे होते आणि भय वाटताच त्याने बळच वापरले. आर्थर स्वतःला यातून सोडवत नाही. पुढची सारी धडपड, गोलमेज, होली ग्रेलचा शोध, शेवटी कायद्याचे राज्य, याकडे त्या बुडालेल्या जहाजावरून पाहिले तर ती आदर्शवाद्याची स्वप्ने न राहता परतफेडीचे हप्ते वाटू लागतात.

आणि तो शेवटचा हप्ता, कायदा, त्याच्यावरच उलटतो. राजाला लान्सलॉट आणि ग्विनिव्हर यांचे नाते ठाऊक आहे. तो दोघांवर प्रेम करतो आणि गप्प राहतो. मॉर्ड्रेड आणि अॅग्रव्हेन दरबारात रीतसर आरोप ठेवतात, तेव्हा त्याला आपल्याच कायद्यापुढे मान तुकवावी लागते. तो शिकारीला निघून जातो, जेणेकरून सापळा लावता येईल. पुढे राणीला जाळण्यासाठी चिता रचली जाते आणि राजा खिडकीत उभा राहून लान्सलॉट यावा अशी वाट पाहतो. 'हा राजा निष्क्रिय आहे' असे म्हणणारे वाचक या खिडकीकडे बोट दाखवतात. निष्क्रियता आहे खरी, पण ती स्वभावाची नाही. त्याने स्वतःच बांधलेल्या घरात त्याला हलायला जागा उरलेली नाही. लान्सलॉट येतो, राणीला सोडवतो आणि धुमश्चक्रीत निःशस्त्र गॅरेथला न ओळखता मारतो. हा तो गॅरेथ, ज्याचे लान्सलॉटवर सर्वांत अधिक प्रेम होते. यापुढे कोणालाही कशालाही थोपवता येत नाही.

वाचकांचे सगळेच आक्षेप असे फिरवून गुण ठरवता येणार नाहीत. दुसऱ्या भागाच्या आरंभी मॉरगॉज अदृश्य होण्याच्या मंत्रासाठी जिवंत मांजर उकळते आणि मध्येच कंटाळून तो उद्योग सोडून देते. त्या पानावर पुस्तक मिटणारे वाचक मला भेटले आहेत. तिची मुले आईची मर्जी मिळवण्यासाठी युनिकॉर्नला मारून त्याची दुर्दशा करतात तो प्रसंग मात्र थोर आहे, कारण तिथे क्रौर्य कुठून जन्मते ते दिसते. मांजराच्या प्रसंगात केवळ लेखकाचा संताप दिसतो. व्हाइटचे आपल्या आईशी फार वाईट संबंध होते. हा भाग त्याला मित्रांच्या आणि प्रकाशकाच्या सांगण्यावरून पुनःपुन्हा लिहावा लागला आणि १९५८ साली बराच कापून, नावही बदलून तो छापला गेला. तरी मॉरगॉज माणूस झाली नाही ती नाहीच. ज्या शोकांतिकेचे बीज तिच्यात आहे, तिथे हा उणेपणा लहान नाही.

आता ज्यांना फसवले गेल्यासारखे वाटले नाही त्यांच्याकडे वळतो. लर्नर आणि लोव यांचे 'कॅमेलॉट' हे संगीत नाटक याच कादंबरीवरून डिसेंबर १९६० मध्ये ब्रॉडवेवर आले. केनेडींच्या हत्येनंतर आठवड्याभरात, २९ नोव्हेंबर १९६३ रोजी, जॅकलीन केनेडी यांनी एका पत्रकाराला सांगितले, की आपल्या पतीला रात्री या नाटकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकायला आवडत. ६ डिसेंबरच्या 'लाइफ'मध्ये ते छापून आले आणि एका तरुण अध्यक्षाची कारकीर्द कायमची कॅमेलॉट झाली. तो पत्रकार थिओडोर एच. व्हाइट. कादंबरीकाराशी त्याचे आडनावाखेरीज काही नाते नव्हते. पण आर्थरची प्रतिमा एका टी. एच. व्हाइटकडून दुसऱ्याकडे गेली, हा योगायोग नोंदवावासा वाटतो. त्याच नाताळात डिस्नेचा 'द स्वोर्ड इन द स्टोन' हा चित्रपट अमेरिकेत लागला. तो मुलगा राजा होतो तिथेच थांबतो. कादंबरीकार त्या शरदात अमेरिकेत व्याख्याने देत फिरत होता. १७ जानेवारी १९६४ रोजी अथेन्सजवळ पिरियस बंदरात, जहाजावर, त्याचा मृत्यू झाला.

एका शोकाकुल पत्नीने दुःखात जे रूपक हाती आले ते धरले, तिला कोण दोष देईल? पण त्या रूपकाने कादंबरीचे काय झाले ते पाहावे. थोडा काळ लखलखलेला सुवर्णकाळ, बाहेरच्या दुष्टांनी विझवलेला : कॅमेलॉट म्हटले की आज हेच मनात येते. यात जहाज नाही, अर्भके नाहीत, राजाचा हात नाही. कादंबरीत घात करायला कोणी बाहेरून येत नाही, राजाचाच मुलगा येतो. डिस्नेचा प्रेक्षक मुलाला जपतो आणि राजाला सोडून देतो. कॅमेलॉटचा श्रोता राजाला जपतो आणि त्याचा गुन्हा सोडून देतो. जे. के. रोलिंगने वॉर्टला हॅरी पॉटरचा मानसपूर्वज म्हटले आहे, तेही पहिल्या भागापुरतेच खरे. दोन्ही टोके हातात धरणारे वाचक मला क्वचित दिसतात. २००३च्या 'एक्स-मेन' चित्रपटात तुरुंगातला मॅग्नीटो ही कादंबरी वाचत असतो आणि शेवटी त्याचा प्रतिस्पर्धी झेव्हियर तीच मुलांना शिकवायला घेतो. बळाबद्दल टोकाची मते असलेली दोन माणसे एकच पुस्तक वाचतात, ही योजना करणाऱ्याने कादंबरी नीट वाचली होती.

व्हाइटला स्वतःलाही तो मुलगा सोडवत नव्हता. युद्धकाळात आयर्लंडमध्ये असताना त्याने पाचवा भाग लिहिला. त्यात शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री मर्लिन म्हाताऱ्या राजाला पुन्हा त्या जुन्या प्राण्यांकडे, बिजूच्या बिळात घेऊन जातो. १९४१ साली प्रकाशकाने तो नाकारला. कागदाची टंचाई होती आणि त्यात युद्धाविषयी प्रवचनही बरेच होते. 'द बुक ऑफ मर्लिन' म्हणून तो व्हाइटच्या पश्चात, १९७७ साली, टेक्सास विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. ज्यांनी वॉर्टची वाट पाहिली होती त्यांना तो तिथे परत भेटतो. हंसांमध्ये राजा थोडा वेळ सुखी आहे. ही पाने वाचून डोळे ओले झालेले वाचक आहेत, त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. पण मुंग्या आणि हंस पहिल्या भागात जाऊन बसल्यामुळे इथे ते दुसऱ्यांदा येतात आणि मधली वादावादी लांबते. १९५८च्या शेवटात राजा तंबूत एकटा आहे. समोर टॉम नावाचा एक पोऱ्या आहे, उद्याच्या लढाईला उत्सुक. राजा त्याला लढू देत नाही. गोष्ट जिवंत ठेवण्याची कामगिरी सांगून घरी पाठवतो. हा टॉम म्हणजे पुढचा टॉमस मॅलरी, हे वाचकाच्या लक्षात येते. व्यास जसे आपल्याच महाभारतात वावरतात तसे हे आहे, पण इथे ग्रंथकर्ता अजून मिसरूड न फुटलेला आहे. ज्याने एकदा मुलांनी भरलेले जहाज समुद्रात लोटले होते, तो माणूस शेवटच्या रात्री एका मुलाला रणातून बाहेर काढतो. व्हाइट या दोन गोष्टींची सांगड कुठेही बोलून दाखवत नाही.

राहिला प्रश्न कोणती आवृत्ती वाचावी हा. पहिला भाग स्वतंत्रपणे वाचायचा, तर १९३८ची आवृत्ती अधिक मोकळी आणि खट्याळ आहे. मॅडम मिम ही चेटकीण आणि तिचे मर्लिनशी झालेले रूपबदलाचे द्वंद्व तिथेच सापडते, नंतर लेखकाने ते गाळले. मुलांच्या हाती तीच द्यावी. मोठ्या वाचकाला मात्र मी १९५८चे चार भागांचे पुस्तक देतो आणि पुढे काय होते ते सांगत नाही.