पेल्लिकोंचे मौन

सिल्व्हिओ पेल्लिको यांचे ‘माझे तुरुंग’ (१८३२) हे इटालियन आत्मकथन हाती घेणाऱ्याची प्रथम निराशाच होते. ज्या राजकारणापायी लेखकाने दहा वर्षे कोठडीत काढली, त्याविषयी तो बोलत नाही. बोलणार नाही, असे आरंभीच सांगून मोकळा होतो. या मौनाचे मोल काय, हाच आमच्या मते या ग्रंथाविषयीचा खरा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगू. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली व्हिएन्ना परिषदेने युरोपातील जुन्या राजघराण्यांची घडी पुन्हा बसवली. लोंबार्दी व व्हेनिस ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे गेले, पोपमहाशयांना त्यांचे संस्थान परत मिळाले. मिलानमध्ये पेल्लिको ज्या नियतकालिकाचे काम पाहत, ते सेन्सॉरच्या जाचाने १८१९ साली बंद पडले. पुढल्याच वर्षी कार्बोनारी या गुप्त संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. फाशीऐवजी पंधरा वर्षांची सक्त कैद मिळाली, ती मोरावियातील श्पीलबर्ग किल्ल्यात. १८३० साली ते सुटले.

श्पीलबर्गची प्रकरणे हा ग्रंथाचा गाभा. पायात बेडी, निजायला फळी. शेजारच्या कोठडीतील तरुण ओरोबोनी खिडकीतून हलक्या आवाजात श्रद्धेविषयी बोलतो आणि १८२३ साली तेथेच मरण पावतो. शिलर नावाचा वृद्ध तुरुंगाधिकारी वरून खडूस, आतून मायाळू. मित्र मारोन्चेल्ली याचा पाय १८२८ साली कापावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर तो वृद्ध शल्यविशारदाला एक गुलाबाचे फूल देतो, कारण देण्यासारखे दुसरे काही त्याच्यापाशी नसते. तो डॉक्टर रडू लागतो.

येथे सगळेच भले आहेत! मग हे क्रौर्य करतो कोण? लेखक नाव घेत नाही. मात्र तो पाय कापायलासुद्धा व्हिएन्नाहून परवानगी यावी लागते, एवढे तो नोंदवतो. आमच्या मते त्याच्या मौनाचे सामर्थ्य येथे आहे. या पुस्तकाने ऑस्ट्रियाचे हरलेल्या लढाईपेक्षाही अधिक नुकसान केले, असे मेटर्निख म्हणाल्याचे सांगतात.

आम्हा कॅथलिकांना हा ग्रंथ सुखाने वाचता येऊ नये. सम्राट फ्रान्सिस स्वतः कॅथलिक होता. त्याची राजसत्ता धर्मरक्षक म्हणून मिरवत होती. सातवे पायस यांनी १८२१ साली कार्बोनारींचा निषेध केला होता. आणि त्याच सम्राटाच्या तुरुंगात एका बंदिवानाला हरवलेली श्रद्धा पुन्हा गवसली. एकाच क्रुसापुढे दोघेही गुडघे टेकत होते. सोशिकपणाचा पाठ म्हणून हे पुस्तक भाविकांच्या हाती देण्याची प्रथा आम्हाला रुचत नाही. पेल्लिको शत्रूला क्षमा करतात, त्या व्यवस्थेला न्याय्य म्हणत नाहीत.

दोष आहेतच. व्हेनिसच्या तुरुंगातील झान्झे या मुलीचा प्रसंग भावविवश वाटतो, काही चिंतने लांबली आहेत. क्रांतिकारकांना तर ही सौम्यता दुबळेपणाची वाटली. मारोन्चेल्ली यांनी १८३३ साली पुरवणी लिहून राहिलेल्या कित्येक गोष्टी सांगितल्या. त्यामुळे माहिती वाढली, मूळ पुस्तकाचा तोल तीत नाही.

मारोन्चेल्ली १८४६ साली न्यूयॉर्कमध्ये वारले, पेल्लिको १८५४ साली तुरीनमध्ये. इटलीचे राज्य घोषित व्हायला अजून सात वर्षे होती.