देखाव्यातील दासी : ऐतिहासिक सादरीकरणे आणि गुलामगिरीचा प्रश्न

इंदूरला देखाव्यांची जुनी हौस आहे. अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या झांक्या रात्रभर रस्त्यांवर असतात, अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीला पालखी निघते, आणि 2025 मध्ये त्यांच्या जन्माची 300 वर्षे पूर्ण झाली तेव्हा अहिल्याबाईंचे चरित्र पुन्हा एकदा रंगमंचावर, शाळाशाळांत व महाविद्यालयांत उभे राहिले. अशा सादरीकरणांतील दरबार ठराविक असतो. सरदार, कारकून, भालदार-चोपदार, आणि मागे पंखा किंवा पानदान घेतलेली एखादी स्त्री. तिला 'दासी' म्हणतात. ती पगारी होती की विकत घेतलेली, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही, कारण तिला संवादच नसतो.

वास्तविक हा प्रश्न विचारण्यासाठी दूरचे दप्तर धुंडाळावे लागत नाही. सर जॉन माल्कम यांचा माळव्यावरील ग्रंथ 1823 साली प्रसिद्ध झाला. अहिल्याबाईंच्या राज्यकारभाराची जी प्रशंसा आज व्याख्यानांतून ऐकू येते, तिचा बराच भाग या ग्रंथातून आलेला आहे. त्याच ग्रंथात माळव्यातील गुलामगिरीचेही वर्णन आहे. ही गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांची होती, आणि नाचगाण्याच्या ताफ्यांच्या नायकिणी लहान मुली विकत घेत, असे माल्कम नमूद करतात. एकाच पुस्तकातील काही पाने घ्यायची आणि काही उलटून टाकायची, ही निवड अजाणता होते असे म्हणणे कठीण आहे. अर्थात माल्कम हे कंपनीचे अधिकारी होते; आधीच्या राजवटीचे दोष दाखविण्यात त्यांचे हितसंबंध होते. परंतु तसे असेल तर हा संशय त्यांच्या स्तुतीलाही लावावा लागेल.

शिवाय मराठी कागद गप्प नाहीत. पेशवे दप्तरात 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द वारंवार येतात. खरेदी-विक्री, किंमत, बक्षीस म्हणून दिलेल्या बटकी, सरकारी कोठ्यांत व पागेत कामाला लावलेल्या बटकी, बदकर्माच्या आरोपावरून गुलाम केलेल्या स्त्रिया असे सर्व काही त्यात आहे. दुष्काळात पोटची मुले विकणे हाही या व्यवहाराचा एक उगम होता. मराठी रंगभूमीला गुलामगिरी दाखविता येत नाही असेही नाही. पानिपतावर 1761 साली पकडल्या गेलेल्या मराठी स्त्रिया-मुलांची दैना कथाकादंबऱ्यांतून व व्याख्यानांतून सांगितली जाते आणि श्रोते हळहळतात. ती हळहळ योग्यच आहे. फक्त छावणीतल्या कुणबिणीपर्यंत ती पोहोचत नाही.

मुस्लिम संस्थांच्या कार्यक्रमांतही वेगळे घडत नाही. मलिक अंबर यांचा गौरव होतो तो निजामशाहीचा मुत्सद्दी, जमीन महसुलाची घडी बसविणारा, खडकी शहर वसविणारा म्हणून. इथिओपियातून आणलेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला गेलेला मुलगा हा त्या कथेत एका वाक्यात संपतो. त्याला विकणारे व विकत घेणारे कोण होते, याची चर्चा गैरसोयीची ठरते. दुसऱ्याच्या दरबारातील बटीक शोधणाऱ्याने आपल्या बाजारातला हबशी मुलगा झाकून ठेवणे बरे नव्हे.

अमेरिकेतील विल्यम्सबर्ग या ऐतिहासिक वसाहतीत 10 ऑक्टोबर 1994 रोजी गुलामांच्या लिलावाचे नाट्यरूप दर्शन झाले. विभागप्रमुख क्रिस्टी कोलमन या स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि विकल्या जाणाऱ्या स्त्रीची भूमिकाही त्यांनीच केली. पूर्वजांच्या यातनांचा तमाशा होतो, असा आक्षेप कृष्णवर्णीयांच्याच संघटनांनी घेतला, निदर्शने झाली. मात्र प्रयोग पाहिल्यावर निषेधासाठी आलेल्या एका नेत्याने आपले मत बदलल्याचे जाहीर केले. तरीही तो आक्षेप निकालात निघाला नाही, आणि निघूही नये. सुट्टीच्या दिवशी आलेल्या प्रेक्षकासमोर माणसाची बोली लावणे आणि ती करमणूक होऊ न देणे हे फार अवघड काम आहे.

इंदूरमधील अडचण याच्या नेमकी उलट आहे. तेथे दाखवावे की नाही यावर वाद झाला. येथे न दाखविण्यावर वादच नाही. शिवाजी महाराजांनी कर्नाटक मोहिमेत 1677 साली डचांना दिलेल्या कौलात आपल्या मुलखातून गुलाम खरेदी करण्यास मनाई केली. महाराजांच्या चरित्रातील हा प्रसंग खरे तर महानाट्याला शोभणारा आहे. पण तो उभा करायचा तर आधी बाजार उभा करावा लागेल, आणि बाजार दाखविला की पुढच्या शतकात तो का बंद पडला नाही हे सांगावे लागेल. कंपनीच्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता 1843 च्या कायद्याने काढून घेतली गेली.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात लिलाव उभा करावा, असे यातून सुचवायचे नाही. विद्यार्थिनीला दोरीने बांधून मंचावर आणणे हा उथळपणाच होईल, आणि ती भूमिका कोणत्या जातीच्या मुलीच्या वाट्याला येईल हे अध्यापकांना ठाऊक आहे. दप्तरातील एखादी नोंद मात्र दरबाराच्या प्रवेशात तशीच, संथपणे वाचता येते. मागे पंखा घेऊन उभ्या असलेल्या मुलीनेच ती वाचावी.