मिशनऱ्याची रोजनिशी आणि आपला दिवस

परदेशी मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात राहून लिहिलेली पत्रे, रोजनिश्या आणि आठवणी यांच्याकडे मराठी समीक्षेने वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही. हे लेखन चर्चच्या इतिहासकारांच्या कपाटात राहिले. अधूनमधून धर्मांतराचे कारस्थान शोधणारे त्यातली चार वाक्ये उचलतात आणि कपाट पुन्हा बंद होते. दलित वाचकाचा या लेखनाशी असलेला संबंध मात्र वेगळा आहे, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकातला महारवाडा आणि मांगवाडा कसा उठत होता, काय खात होता, कुणाच्या दारात उभा राहत होता, हे आपल्याच माणसांनी लिहून ठेवलेले फार थोडे आहे. म्हणून परक्याच्या दिवसात आपला दिवस शोधण्याची पाळी आपल्यावर येते. तो कसा शोधावा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मी येथे अमेरिकन मराठी मिशनचाच विचार करणार आहे. गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी १८१३ साली मुंबईला उतरले, तेव्हा हॉल अजून तिशीच्या आतले होते. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी मजकूर निघू लागला. १८३१ च्या अखेरीस या मिशनने अहमदनगरला ठाणे मांडले. या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण जुन्या कागदांत ते अहमदनगरच असल्यामुळे मी तेच नाव वापरतो. या मंडळींपैकी बहुतेक जण विशी-तिशीतले होते. न्यू इंग्लंडच्या शेतावरून आणि धर्मशाळांतून थेट दख्खनच्या उन्हात आलेली ही तरुण माणसे होती.

त्यांच्या दिवसाचा साचा थोड्याफार फरकाने एकच दिसतो. सकाळी पंडिताजवळ भाषेचे पाठ, मग शाळांची पाहणी, ऊन उतरल्यावर बाजारात किंवा देवळाजवळ प्रवचन आणि रात्री दिव्याजवळ बसून पत्रलेखन. थंडीच्या दिवसांत तंबू आणि बैलगाडी घेऊन गावोगाव फिरती. या दिवसावर मरणाची सावली सतत असे. हॅरिएट न्यूअल ही तरुणी १८१२ साली नवऱ्याबरोबर जहाजावर चढली. कंपनी सरकारने या मिशनऱ्यांना कलकत्त्यातून निघून जायला सांगितले आणि त्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती मॉरिशसला वारली. नवजात मूल तिच्या आधीच गेले होते. तिचा नवरा सॅम्युएल न्यूअल पुढे मुंबईत आला आणि १८२१ साली पटकीने मेला. हॉल १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनेच गेले. नगरचे ठाणे मांडणाऱ्या विल्यम हर्वींचे पुढच्याच वर्षी नगरला तेच झाले. ही दुःखे खरी आहेत. ज्या समाजाने पटकीत वस्त्याच्या वस्त्या ओस पडलेल्या पाहिल्या, त्याने या दुःखांची टिंगल करण्याचे कारण नाही.

पण समीक्षेने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. हा दिवस लिहिला का गेला? कुणासाठी लिहिला गेला? या लेखनाचा वाचक समुद्रापलीकडे होता. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाला मिशनऱ्यांकडून वृत्तांत हवे असत आणि त्यातला मजकूर ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात छापून येई. तो वाचून चर्चमध्ये बसणारी माणसे वर्गणी देत. म्हणजे ही रोजनिशी एका अर्थाने पैशाची पावती होती आणि पुढच्या पैशाची मागणीही होती. अशा लेखनाला स्वतःचे कायदे असतात. अंधार गडद दाखवावा लागतो, आणि त्यात एक पणती लागल्याचेही दाखवावे लागते. अंधार पुरता दूर झाला तर वर्गणी थांबेल. पणती लागलीच नाही तरीही थांबेल. या दोन टोकांच्या मध्ये जो महार किंवा मांग येतो, तो हाडामांसाचा माणूस म्हणून क्वचितच येतो. तो ‘एक गरीब’ म्हणून येतो, ‘एक चौकशी करणारा’ म्हणून येतो, आणि पुष्कळदा नुसता आकडा म्हणून येतो.

दुसरी गोष्ट भाषेची. मिशनरी मराठी शिकला ती ब्राह्मण पंडिताकडून. त्या काळात दुसरा मार्ग त्याला सहज दिसला नसता, हे खरे. पण भाषा एकटी येत नाही. कुठला शब्द शुद्ध, कुठला गावंढळ. कुणाचा धर्म म्हणजे ‘हिंदूंचा धर्म’ आणि कुणाचे दैवत म्हणजे नुसते भूत. कुणाशी वाद घालण्यात प्रतिष्ठा आहे आणि कुणाला नुसता उपदेश पुरे, ही सारी उतरंड व्याकरणाबरोबर त्याच्या डोक्यात उतरली. अमेरिकेतून तो जात घेऊन आला नव्हता. पण मराठीचा पहिला धडा गिरवताना त्याने ती उचलली.

याचा उत्तम पुरावा हॉलिस रीड यांच्या पुस्तकात सापडतो. रीड १८३० साली इकडे आले आणि १८३५ साली परत गेले. आल्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांच्या आसपासचे होते. परत गेल्यावर १८३६ साली त्यांनी ‘द ख्रिश्चन ब्राह्मन’ हे दोन खंडांचे पुस्तक प्रसिद्ध केले. बाबाजी या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचे ते चरित्र आहे. बाबाजी नगरला मिशनबरोबर काम करीत होते आणि १८३३ साली पटकीने गेले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. जातीबाहेर पडताना त्यांना जे सोसावे लागले, तेही लहान नव्हते. परंतु प्रमाण पाहा. एका ब्राह्मणासाठी दोन खंड! ज्यांच्या बळावर नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी पुढे उभी राहिली ते बहुसंख्येने महार आणि मांग होते. त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला त्या काळात असे दोन खंड आले? ब्राह्मण आला की चरित्र होते. महार आले की अहवाल होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरच्या आपल्या लेखनात नेमके याच चुकीवर बोट ठेवले आहे. वरच्या जाती आधी मिळवाव्यात, म्हणजे धर्म आपोआप खाली झिरपेल, हा मिशनऱ्यांचा हिशेब होता. तो फसला, कारण वरच्यांनी शिक्षण घेतले आणि धर्म तिथेच ठेवला.

आता मिशनऱ्याच्या बंगल्यात जाऊ. त्याच्या दिवसातले जे तास लिहिण्यासाठी मोकळे राहिले, ते कुणाच्या श्रमामुळे? पाणी भिस्ती आणतो, घोडा मोतद्दार पाहतो, मूल आया सांभाळते, पालखी भोई वाहतात आणि झाडलोट झाडूवाला करतो. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात मांस शिजे, म्हणून सोवळ्याओवळ्याची माणसे तिथे काम करायला तयार नसत. या जागी अनेक महार बटलर आणि स्वयंपाकी म्हणून शिरले. या घटनेचा अर्थ मिशनऱ्याच्या लेखणीला कळला नाही, असे मला वाटते. बाजारातले प्रवचन हीच आपल्या दिवसातली मोठी घटना, असे तो समजत राहिला. पण ज्याच्या सावलीचा गावाला विटाळ होत होता, त्याच्या हातची भाकरी एक विद्वान माणूस रोज दोन वेळा मुकाट्याने खात होता. अस्पृश्यतेला या रोजच्या जेवणाने दिलेला धक्का कुठल्याही प्रवचनाहून लहान नव्हता. त्याची नोंद मात्र खर्चाच्या वहीत गेली.

सॅम्युएल फेअरबँक हे मिशनरी १८४६ साली आले. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला ते पुष्कळ वर्षे राहिले. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला १८६९ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले. हा नाद चांगलाच म्हटला पाहिजे. मराठी कीर्तनाचे बळ ओळखून त्याचा वापर करणारा हा माणूस डोळस होता, यातही वाद नाही. परंतु पक्ष्याला नाव मिळाले. फिरतीवर तंबू ठोकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या आणि रानातली वाट दाखवणाऱ्या माणसांची नावे इतिहासात कुठे आहेत?

या साऱ्यावरून मिशनऱ्यांचे लेखन फेकून द्यावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सिंथिया फरार यांचे उदाहरण घ्या. ही अविवाहित बाई १८२७ साली बत्तिसाव्या वर्षी मुंबईत आली, १८३९ साली नगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. चौतीस वर्षे मुलींच्या शाळा हाच तिचा दिवस होता. जोतीराव फुल्यांनी तिची नगरची शाळा पाहिली आणि आपल्या कामाला तिथून चालना मिळाल्याचे स्वतःच सांगितले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिच्या मागे नगरच्या त्या वर्गाचाही हात आहे. फुल्यांनी तिथून पद्धत घेतली आणि धर्म आपला आपण शोधला. घ्यायचे काय आणि नाकारायचे काय हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याने स्वतःकडे ठेवला, हे येथे महत्त्वाचे आहे.

आणि मग १८५५ साल येते. मिशनने १८४२ साली नगरहून सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध दोन अंकांत प्रसिद्ध होतो. विषय आहे मांग-महारांचे दुःख. मिशनरी तेच दुःख चाळीस वर्षे लिहीत होता. पण त्याच्या वाक्याचा कर्ता ‘ते’ होता. मुक्ताच्या वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ आहे. मिशनऱ्याकडे उत्तर आधीपासून तयार होते आणि त्यासाठी तो दुःख गोळा करीत होता. या मुलीने उत्तर मागितले. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा तिने देवालाच जाब विचारला. मिशनच्याच पत्रात छापलेला हा प्रश्न मिशनच्या तयार उत्तरात मावत नाही. माझ्या मते त्या छापखान्यातून निघालेले सर्वांत मोठे साहित्य हेच.

मुक्तानंतर मात्र दीर्घ शांतता आहे. १९३४ पासून आलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त नगरच्या ख्रिस्ती जगाचा दिवस मराठीत आतून उतरला. स्वतःचा विटाळ स्वतः कसा सोडला, हे त्यांनी ज्या निखळपणे सांगितले त्याला तोड नाही. पण तो विटाळ ज्यांचा मानला जात होता, त्यांचे त्या वेळचे मन त्या पुस्तकात येऊ शकत नव्हते. ते यायला दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) यावे लागले. दया पवार याच नगर जिल्ह्याचे. नगरला मिशनचे ठाणे पडल्यापासून ‘बलुतं’पर्यंत एकशे सत्तेचाळीस वर्षे गेली. ज्याच्याकडे दिवा, कागद आणि पलीकडे वाट पाहणारा वाचक होता, त्याचा दिवस तेव्हाच इतिहास झाला. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी नव्हत्या, त्याला दीड शतक थांबावे लागले.

आज या इतिहासाकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काही जण मिशनऱ्यांचे उपकार मोजतात, काही जण कारस्थान मोजतात. दोघांच्याही हिशेबात आपले पूर्वज अजाण लेकरे ठरतात: कुणीतरी हात धरून नेलेली, नाहीतर कुणीतरी फसवलेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. मिशनऱ्याच्या आकड्यात जो माणूस हरवला होता, तो सरकारच्या रकान्यातही हरवला. तेव्हा हा प्रश्न जुन्या कागदांपुरता राहत नाही.

म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्त्या मित्रांना माझे सांगणे आहे. ही पत्रे आणि अहवाल काढा आणि वाचा. पण मिशनऱ्याच्या प्रवचनावर थांबू नका. खर्चाची वही पाहा, शाळेचा पट पाहा, बाप्तिस्म्याची नोंदवही पाहा. गावातल्या ज्या महाराने पोराला मिशनच्या शाळेत घातले, त्याने ते कुणाचा राग पत्करून घातले, ते विचारा. नगर, नेवासे, राहुरी या भागांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे घराघरांतून चालत आलेल्या आठवणी असतील. त्या त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. मिशनऱ्याच्या पत्रात जिथे ‘एक गरीब’ असे लिहिले आहे, तिथे आपल्याला माणसाचे नाव लिहायचे आहे.