सहा पानांतला पारखी डोळा

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले दोन विकृतिशास्त्रज्ञ, फ्रँक फूट आणि फ्रेड स्ट्युअर्ट, यांचा एक निबंध १९४१ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’त छापून आला. पाने जेमतेम सहा. शीर्षक होते ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू : स्तनाच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार’. आजही बायोप्सीच्या रिपोर्टवर हेच नाव छापले जाते. वैद्यकातला निबंध लवकर शिळा होतो. हा मात्र आजही वाचावासा वाटतो, कारण उत्तम निरीक्षण म्हणजे काय आणि ते कुठवर पुरते, या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी शेजारी दिसतात.

आधी शीर्षकच पाहू. त्यातला पहिला शब्द जागा सांगतो. द्राक्षांच्या घडासारख्या ज्या खंडिकांत दूध तयार होते, तिथला हा बदल. ‘इन सिटू’ ही संज्ञा मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्स यांनी १९३२ मध्ये रूढ केली होती : पेशींचे रूप कर्करोगाचे, पण भोवतीचे आधारपटल त्यांनी ओलांडलेले नाही. या दोहोंच्या मधे ‘कार्सिनोमा’ बसला आहे. जागा आणि मर्यादा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मधला शब्द मात्र पुढे काय होणार याबद्दल बोलतो, आणि भविष्य काचपट्टीवर दिसत नाही.

निबंधाचे खरे वैभव त्यातल्या वर्णनात आहे. खंडिका पेशींनी भरून फुगते, तरी तिचा मूळ घाट मोडत नाही. आतल्या पेशी लहान, जवळपास एकसारख्या. केंद्रके गोल, विभाजन क्वचितच. कर्करोग म्हटला की पॅथॉलॉजिस्टची नजर ज्या खुणा शोधते, म्हणजे वेडीवाकडी केंद्रके, पेशींची धुमश्चक्री, त्या इथे जवळजवळ नाहीतच. इतके सौम्य रूप असताना ‘हे काही वेगळे आहे’ असे ओळखण्यासाठी हजारो काचपट्ट्यांवर तयार झालेली नजर लागते. या दोघांनी नेमकी खूण पकडली : पेशींनी एकमेकींना धरून राहणे सोडले आहे, त्या सुट्या झाल्या आहेत.

या एका निरीक्षणाला मिळालेली दाद अर्ध्या शतकानंतरची आहे. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे ई-कॅड्हेरिन नावाचे प्रथिन असते. लोब्युलर प्रकारात ते बहुधा नाहीसे झालेले असते, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. आज शंका आली की प्रयोगशाळेत याच प्रथिनाचे रंजन करून पाहतात. जे रेणूंच्या पातळीवर घडत होते, त्याचा परिणाम फूट-स्ट्युअर्ट यांनी साध्या गुलाबी-जांभळ्या रंगांत, सूक्ष्मदर्शकातून नुसत्या नजरेने टिपला होता.

पुढे निबंध एक अडचणीची गोष्ट तितक्याच स्वच्छपणे मांडतो. हा बदल हाताला गाठ म्हणून लागत नाही, कापलेल्या स्तनातही उघड्या डोळ्यांना दिसत नाही, आणि सापडतो तेव्हा बहुधा एकाच जागी नसतो. काही स्तनांत त्याच्या जोडीला आक्रमक कर्करोगही होता आणि त्याच्या पेशी याच वळणाच्या होत्या. यावरून लेखकांनी निष्कर्ष काढला : ही आक्रमक रोगाची आधीची पायरी आहे, म्हणून स्तन काढावा. त्यांच्यापुढे जे साहित्य होते ते मुख्यतः काढून टाकलेल्या स्तनांचे. स्तन राखलेल्या स्त्रीचे पुढे काय होते, हे त्यातून कळणे शक्यच नव्हते. वर्णनाकडून निष्कर्षाकडे जाताना निबंध नेमका इथे पुढची उडी घेतो, आणि त्या उडीचा भार पुढची कित्येक वर्षे अनेक स्त्रियांच्या शरीरांनी वाहिला.

त्याला उत्तर मिळाले १९७८ मध्ये. कोलंबिया-प्रेस्बिटेरियनचे शल्यविशारद कुशमन हागेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोब्युलर निओप्लासिया’ हे नाव पुढे केले आणि जुने नाव शीर्षकातच ‘तथाकथित’ म्हणून कंसात घातले. स्तन न काढता त्यांनी या स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले होते. बहुतेकींना आक्रमक कर्करोग झालाच नाही. ज्यांना झाला, त्यांच्यात तो दोन्हींपैकी कोणत्याही स्तनात होऊ शकत होता. बदल सापडला होता एका बाजूला, इशारा मात्र दोन्ही बाजूंसाठी होता. म्हणून त्यांचा सल्ला कायम तपासणीत राहण्याचा होता. फूट-स्ट्युअर्ट यांनी जे पेशींच्या रूपावरून ठरवले, ते हागेन्सेन यांनी काळाच्या कसोटीवर घासून पाहिले.

तरीही पहिला निबंध बाद होत नाही. हा बदल आणि शेजारचा आक्रमक कर्करोग यांच्यात जनुकीय नाते असू शकते, असे पुढच्या अभ्यासांनी दाखवले. म्हणजे ‘आधीची पायरी’ हा त्यांचा कयास काही वेळा खरा ठरतो. प्रत्येक स्त्री ती पायरी चढतेच असे नाही, एवढेच. नेहमीच्या प्रकारात धोका वर्षाला साधारण १ टक्का धरतात, आणि टॅमॉक्सिफेन या औषधाने तो निम्म्याच्या आसपास आणता येतो. अमेरिकेतल्या कर्करोग-टप्पे ठरवणाऱ्या समितीने आपल्या नियमावलीच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत हा बदल कर्करोगाच्या यादीतून वगळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र जुने नाव टिकून आहे. पेशी जिथे विद्रूप आणि मोठ्या असतात त्या ‘प्लिओमॉर्फिक’ प्रकाराकडे अधिक सावधपणे पाहिले जाते.

या सगळ्याचा अर्थ, रिपोर्ट हातात धरून बसलेल्या स्त्रीला ‘कार्सिनोमा’ हा शब्द दिसतो, पण तिच्या रोगाला कर्करोगाचा टप्पाच नसतो. तिला आणि तिच्या घरच्यांना हे अंतर नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. त्यासाठी काचपट्टीवर काय दिसले आणि त्यावरून काय ताडले, ही दोन वाक्ये डॉक्टरांनी वेगवेगळी बोलावीत. फूट आणि स्ट्युअर्ट यांचे पहिले वाक्य ऐंशीहून अधिक वर्षे अढळ राहिले, दुसरे काळाने बदलले. निष्कर्ष मागे घ्यावा लागला तरी ज्याचे वर्णन खरे उरते, ते वैद्यकीय लेखन थोर म्हणावे. ही सहा पाने तशी आहेत.